घरचा आदर आणि वॉर्डातली शुश्रूषा : एक प्रस्तावना

नर्सिंगला येणाऱ्या मुलामुलींना म्हाताऱ्या माणसांचा आदर करायला शिकवावं लागत नाही. मुखेड, कंधार, देगलूर, किनवटहून किंवा औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूरहून आलेली ही पोरं बहुतेक आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली असतात. आईबाप रानात गेले, उसाला गेले, तर मागं सांभाळायला आजीच असायची. परीक्षेला निघताना घरातल्या थोरांच्या पाया पडूनच उंबरा ओलांडायचा, ही त्यांच्या हाडीमाशी मुरलेली सवय असते. असं असूनही क्लिनिकल पोस्टिंग सुरू होऊन काही महिने लोटले, की याच मुलांच्या तोंडी वेगळी वाक्यं ऐकू येतात. "त्या कोपऱ्यातल्या आजी फार त्रास देतात." "बाबांना काही कळत नाही, त्यांच्या मुलालाच विचारा." "वय झालंय, आता काय व्हायचंय?" घरात आजीचा शब्द खाली पडू न देणारी मुलगी वॉर्डात दुसऱ्याच्या आजीला टाळू लागते. हे का होतं आणि ते कसं बदलता येतं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डात वावरताना माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि ते सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. उपदेशानं हा दृष्टिकोन सुधारत नाही. म्हाताऱ्या रुग्णाचं नेमकं काय करायचं हे ज्याच्या हाताला येत नाही, तो त्या खाटेजवळ जायला कचरतो. कचरला की टाळतो, टाळलं की अपराधी वाटतं, आणि त्या टोचणीची पुढं चीड होते. ज्याच्या हाताला काम येतं, तो जवळ जातो. जवळ गेल्यावर त्याला समोरचं माणूस दिसतं. म्हणून मुलांच्या मनाला बोल लावण्याआधी त्यांच्या हातांना आणि डोळ्यांना शिकवायला हवं. पुढची सगळी प्रकरणं याच भूमिकेतून लिहिली गेली आहेत.

आधी आपला मुलूख पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते, म्हणजे दर शंभरात जवळजवळ दहा. देशाचं प्रमाण तेव्हा ८.६ टक्के होतं. २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीपुढचा असेल, असा लोकसंख्येच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. आज वयाच्या विशीत असलेली परिचारिका निवृत्त होईपर्यंत तिच्या वॉर्डातल्या बहुतेक खाटांवर म्हातारी माणसंच असणार आहेत. त्यांच्यासाठी वेगळी शाखा निवडायची की नाही, हा प्रश्नच तेव्हा उरणार नाही.

नांदेड-लातूरकडं हे चित्र आणखी ठळक दिसतं. परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नमुळं शहर शिकणाऱ्या पोरांनी गजबजलेलं असतं, क्लासेसच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. तीच पोरं ज्या गावांतून आली, तिथं दुपारी पारावर म्हातारी माणसंच बसलेली दिसतात. शिकलेले पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेले. मुखेड-कंधारकडच्या तांड्यांवरचे धडधाकट लोक दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, ते उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. मागं राहतात म्हातारे आणि नातवंडं. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास मोफत झाला, त्यामुळं एकट्यानं तपासणीला येणं त्यांना थोडं सोपं झालं. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात नांदेडबरोबरच हिंगोली, परभणी, यवतमाळकडून आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय आहे, १९६६ पासून काम करणारं विवेकानंद रुग्णालय आहे. परिसरातल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं खरं शिक्षण अशाच ठिकाणच्या वॉर्डांत होतं.

या वॉर्डांतल्या खाटांवर कोण असतं, हे विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं. पंच्याऐंशी वर्षांचा रुग्ण निजामाच्या अमलात जन्मलेला असतो. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईचे दिवस त्यानं लहानपणी पाहिलेले असतात. शाळेत गेला असलाच, तर पहिली अक्षरं कदाचित उर्दूतून गिरवलेली असतात. सत्तर-पंचाहत्तरीच्या बाईनं ७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडलेली असते, मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले असतात. औसा-निलंग्याकडचा सत्तरीचा माणूस ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी चाळिशीच्या आसपास होता. गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि किल्लारीच्या भूकंपानं लातूर-उस्मानाबादच्या गावांतली दहा हजारांच्या आसपास माणसं गिळली. त्या पहाटेतून वाचलेला कुणी पक्क्या छताखाली, बंद दाराच्या खोलीत रात्रभर टक्क जागा राहिला, तर त्याच्या केसपेपरवर "रुग्ण सहकार्य करत नाही" असं लिहिणं हा अडाणीपणा ठरेल. तुम्ही तेव्हा कुठं होता, एवढं एकदा विचारलं की औषधाच्या गोळीइतकाच आधार त्या माणसाला मिळू शकतो.

आता एक खाट जवळून पाहू. असं उदाहरण अस्थिरोगाच्या कुठल्याही वॉर्डात सापडेल. पंचाहत्तरीची बाई रात्री लघवीला उठली, ओल्या फरशीवर पाय सटकला, खुब्याचं हाड मोडलं. गावातून तालुक्याला, तालुक्यातून रेफर होऊन इथवर यायला दीड दिवस गेला. आल्या आल्या तिला डायपर लावला गेला. खरं तर तिला लघवीची भावना होत होती, मागितलं तर बेडपॅनही वापरता आलं असतं. पण तिला कुणी विचारलंच नाही. संमतीपत्रावर मुलानं सही केली. डॉक्टर बोलले मुलाशी, सिस्टर बोलल्या सुनेशी. ऑपरेशनच्या तयारीत काकणं उतरवली, जोडवी काढली, तेव्हा ती हात घट्ट आवळून रडली. नवरा हयात असताना काकणं उतरवणं तिच्या लेखी काय असतं, हे समजून घ्यायला कुणाला सवड नव्हती. चष्मा घरीच राहिला होता. दुसऱ्या रात्री तिनं सलाईन उपसून टाकलं, गेलेल्या बहिणीला हाका मारल्या. तिचे हात पट्टीनं खाटेला बांधले गेले. सकाळच्या पाळीला आलेल्या विद्यार्थिनीला सांगण्यात आलं, "भ्रमिष्ट झाल्यात, जरा सांभाळून."

या खाटेशी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला "वृद्धांचा आदर करा" असं सांगून काय साधणार? तिला हवं आहे ते ज्ञान. काल शुद्धीत बोलणारी बाई आज अचानक बरळू लागली, दुपारी ठीक आणि रात्री बिघडली, तर ते म्हातारपण नव्हे. तो डेलिरियम आहे, त्याला कारण असतं, आणि कारण सापडलं की बहुतेकदा तो उतरतो. तुंबलेली लघवी, लघवीतला जंतुसंसर्ग, साचलेला मळ, कमी पडलेलं पाणी, रक्तातलं घटलेलं सोडियम, न शमलेली वेदना, नवीन सुरू केलेली गुंगीची गोळी, छातीत बसलेला न्यूमोनिया, यांतलं काहीही असू शकतं. म्हाताऱ्या माणसात न्यूमोनिया तापाशिवाय येऊ शकतो, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो, आणि दोन्हींची पहिली खूण कधीकधी एवढीच असते की माणूस गोंधळला आहे किंवा जेवत नाही. काहींचा डेलिरियम तर गडबड न करता येतो. माणूस निपचित पडून राहतो आणि वॉर्ड म्हणतो, आजोबा आज शांत आहेत. साठी बुद्धी नाठी, ही म्हण ज्या डोक्यात बसली आहे, त्या डोक्याला हे सुचणारच नाही. ज्या मुलीला हे ठाऊक आहे ती तळपायापासून डोक्यापर्यंत पाहील, ओटीपोटावर हात ठेवेल, पाण्याचा हिशेब तपासेल, घरून चष्मा मागवेल, सुनेला रात्री उशाशी बसायला सांगेल, दिवा मंद पण चालू ठेवेल, आणि डॉक्टरांना नेमकं सांगेल की कालपासून काय बदललं. दोन दिवसांनी त्या बाईनं तिला ओळखून "आलीस का माय" म्हटलं, की त्या मुलीचा म्हाताऱ्या रुग्णांकडं पाहण्याचा दृष्टिकोन कुठल्याही व्याख्यानाशिवाय बदललेला असतो. आपल्या कामानं माणूस परत आलं, हे तिनं स्वतः पाहिलेलं असतं.

म्हाताऱ्यांच्या वैद्यकाचा आणि शुश्रूषेचा इतिहासही हेच सांगतो. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन या डॉक्टर बाईंकडं शेजारच्या गरीबखान्याच्या इस्पितळातले ७१४ रुग्ण सोपवले गेले. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, कुणीही नीट न तपासलेली माणसं होती ती. वॉरन यांनी एकेकाला तपासलं, वर्गवारी केली, उठवलं, बसवलं, चालवलं. त्यातले कितीतरी जण घरी परतले. म्हाताऱ्यांचं वैद्यक ही शाखा तिथून उभी राहिली. पुढं १९६२ मध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेनं सहकाऱ्यांबरोबर रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेडसोअर होऊ नये म्हणून तोवर तऱ्हेतऱ्हेची द्रव्यं पाठीला चोळली जात; उपयोग होतो तो रुग्णाची कूस वेळच्या वेळी बदलण्याचा, हे त्यांनी दाखवलं. शारीरिक अवस्था, मनाची अवस्था, हिंडणं-फिरणं, अवयवांची हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा या पाच गोष्टींना गुण देऊन धोका ओळखण्याची त्यांची मोजपट्टी आजही शिकवली जाते. आपल्याकडं अजूनही बॅक केअर म्हटलं की स्पिरिट आणि पावडर हातात येते आणि माकडहाडावरची लाल झालेली कातडी चोळली जाते. ती चोळायची नसते. त्या लालीवर बोट दाबून पाहायचं. बोट उचलल्यावरही जागा पांढरी पडली नाही, तर आतली इजा सुरू झाली आहे, आणि त्या अंगावर रुग्णाला आता निजवायचं नाही. हे एवढंसं ज्ञान हाती आलं की म्हाताऱ्या माणसाची पाठ हे किळसवाणं काम राहत नाही, ते जबाबदारीचं काम होतं.

दृष्टिकोनाचा अभ्यासही जुना आहे. नेथन कोगन यांनी १९६१ मध्ये म्हाताऱ्या माणसांविषयीची मतं मोजणारी ३४ विधानांची प्रश्नावली तयार केली. निम्मी विधानं अनुकूल, निम्मी प्रतिकूल. जगभरच्या नर्सिंग महाविद्यालयांत ती वापरली जाते. अर्डमन पामोर यांनी १९७७ मध्ये २५ प्रश्नांची चाचणी केली, तिच्यात मत नव्हे तर माहिती तपासली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानं जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वयाविषयी पूर्वग्रह असल्याचं सांगितलं. या पूर्वग्रहाची किंमत म्हातारी माणसं आयुष्यानं मोजतात. बेका लेव्ही यांच्या २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाकडं चांगल्या नजरेनं पाहणारी माणसं तसं न पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. "आता वय झालं" हे वाक्य आपण खाटेशी उभं राहून सहज बोलतो. ऐकणारा ते मनावर घेतो, आणि मग जेवण, व्यायाम, गोळ्या, सगळंच सोडून देतो.

दृष्टिकोनात सुधारणा कशानं होते, याचंही उत्तर सापडलं आहे. २०१९ मध्ये ६३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शिकवण्याचा उपयोग होतो, पिढ्यांच्या भेटीगाठींचाही होतो. दोन्ही जोडून केलं तर सर्वांत जास्त होतो, असं त्यात दिसलं. आपल्याकडं मात्र उलटा क्रम चालतो. विद्यार्थी म्हाताऱ्या माणसाला पहिल्यांदा भेटतो तो थेट मेडिसिनच्या वॉर्डात, आणि तिथं भेटतात ती सर्वांत आजारी, सर्वांत थकलेली माणसं. म्हातारपण म्हणजे हेच, अशी त्याची समजूत होते. स्वतःची आजी त्या समजुतीला अपवाद वाटते.

म्हणून या पुस्तकाची पहिली शिफारस अशी की वॉर्डाच्या आधी गाव. पोस्टिंग सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला सत्तरीपुढच्या एका निरोगी माणसाची भेट घ्यायला पाठवा, आणि ती भेट वर्षभर चालू ठेवा. अशी माणसं शोधावी लागत नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघात सकाळी फिरायला येणारी आहेत, भजनी मंडळात पखवाज वाजवणारी आहेत, आषाढीला दिंडीबरोबर पायी पंढरपूर गाठणारी आहेत, पंचाहत्तरीतही खुरपं घेऊन रानात जाणारी आहेत. विद्यार्थ्यानं त्यांचा दिवस पाहावा, काय खातात, किती गोळ्या घेतात, कोणती गोळी महाग म्हणून अर्धी करून घेतात, रात्री किती वेळा उठतात, मोरी किती लांब आहे, हे टिपून आणावं. हातावर गोंदलेलं नाव कुणाचं, तेही विचारावं. एवढं केलेला विद्यार्थी वॉर्डात खुब्याचं हाड मोडलेली बाई पाहतो तेव्हा, ती पडण्याआधी कशी चालत असेल हे त्याच्या डोळ्यांसमोर येतं. तिला पुन्हा तिथवर न्यायचं आहे, हे ध्येय त्याला आपोआप मिळतं.

दुसरी शिफारस भाषेची. म्हातारी माणसं आजार पुस्तकी शब्दांत सांगत नाहीत. जीव घाबरा होतो, पोटात कालवतंय, डोळ्यापुढं अंधारी येते, पाय गळाल्यासारखे वाटतात, अंगात वारं शिरलंय, असं त्यांचं सांगणं असतं. यातल्या प्रत्येक वाक्यामागं नाडी, रक्तदाब, साखर किंवा ऑक्सिजन तपासण्याची सूचना दडलेली असू शकते. ही वाक्यं आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर लहानपणापासून पडलेली आहेत; हे त्यांचं धन आहे, पण इंग्रजी नोट्सच्या ओझ्याखाली त्यांना त्याची लाज वाटू लागते. देगलूर-बिलोलीकडच्या पोरांना तेलुगू येतं, उदगीर-देवणीकडच्यांना कन्नड समजतं, तांड्यावरच्यांना गोरमाटी येते, किनवटकडच्या काहींना गोंडी, आणि दखनी तर निम्म्या वर्गाला कळते. एखाद्या म्हाताऱ्याला आयुष्याच्या शेवटी आपल्या बोलीत "दुखतंय का?" असं विचारणारं कुणी भेटणं, ही फार मोठी शुश्रूषा आहे. शिक्षकांनी या बोलींची यादी करावी आणि कोणत्या रुग्णाशी कोणी बोलावं ते त्यावरून ठरवावं.

तिसरी शिफारस शिक्षकांसाठी आहे, आणि ती सर्वांत कठीण आहे. वर्गातल्या तासापेक्षा इनचार्ज सिस्टरच्या आवाजाचा संस्कार मोठा असतो. सिस्टर खाटेशी वाकून, नाव घेऊन, रुग्णाच्या डोळ्यांत पाहून बोलल्या, तर चार विद्यार्थिनी तसंच बोलतात. सिस्टर लांबून ओरडल्या, तर त्याही ओरडतात. याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातलं आहे. तिथं परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये अत्याचार झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ मध्ये सहासष्टाव्या वर्षी त्यांचं निधन झालं, तोपर्यंत बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या वैद्यकीय अहवालात नोंद होती, की सदतीस वर्षांत त्यांना एकदाही बेडसोअर झाला नव्हता. न्यायालयानं त्या परिचारिकांचा गौरव केला. त्या बेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. सुरुवातीला त्यांना ओळखणाऱ्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, नंतर आलेल्यांनी त्यांना धडधाकट कधी पाहिलंही नव्हतं. तरी काम तसंच चालू राहिलं, कारण ते ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडं हातोहात आलं होतं. दृष्टिकोन हा एकेकीच्या स्वभावाचा भाग नसून वॉर्डाची रीत असते, याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

परिचारिकांची बाजूही इथं मांडायला हवी. रात्रपाळीला एकीच्या भरवशावर अख्खा वॉर्ड, खाटा कमी पडल्या की जमिनीवर गाद्या, आणि नर्सिंगचे विद्यार्थी म्हणजे बिनपगारी मनुष्यबळ, ही परिस्थिती बदलल्याशिवाय परिचारिकांकडून सगळी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेसाठी २०१०-११ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांचा वेगळा कक्ष अपेक्षित आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातही सरकारी रुग्णालयांत त्यांच्यासाठी खाटा आणि वेगळी रांग यांची तरतूद आहे. अभ्यासक्रमात बालकांची आणि प्रसूतीची शुश्रूषा हे स्वतंत्र विषय आहेत, वृद्धांची शुश्रूषा मात्र प्रौढांच्या विषयातलं एक प्रकरण आहे. हे प्रमाण उद्याच्या वॉर्डाला पुरणारं नाही. परिचर्या परिषदेनं आणि विद्यापीठानं याचा विचार करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. पण खाटा आणि मनुष्यबळ वाढेपर्यंत थांबून चालणार नाही. रुग्णाला आधी विचारणं आणि मग नातेवाइकाला विचारणं, चष्मा नि कवळी उशाशी ठेवणं, भरवताना बसतं करणं, अंगावरचं लुगडं बाजूला करण्याआधी पडदा ओढणं, यांपैकी कशालाही जादा मनुष्यबळ लागत नाही.

नातेवाइकांबद्दलही दोन शब्द. लातूर जिल्हा परिषदेनं २०२० च्या अखेरीस एक निर्णय घेतला, की जे कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातून तीस टक्के रक्कम कापून ती आई-वडिलांना द्यायची. त्यानंतर काहींचे पगार कापलेही गेले. राज्यभर त्याची चर्चा झाली, आणि ते योग्यच होतं. कायदा पगार कापू शकतो; तोंडात घास भरवण्याचं काम मात्र कुणाच्या तरी हातांनाच करावं लागतं. वॉर्डात विद्यार्थी नातेवाइकांचा न्यायनिवाडा करायला लागतात. मुलगा आला नाही, सून लक्ष देत नाही, असं सहज बोललं जातं. ती सून पहाटे जनावरांचं करून, लेकरांना शाळेत धाडून, दोन एसटी बदलून आलेली असते. "मुलगा" म्हणून जो उभा असतो तो स्वतः साठीचा, मधुमेहाचा रुग्ण असतो. कूस कशी बदलायची, पातळ खाताना ठसका का लागतो, लघवीची नळी कशी स्वच्छ ठेवायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. डिस्चार्जच्या दिवशी विद्यार्थ्यानं अर्धा तास त्यांच्याबरोबर बसावं आणि या गोष्टी त्यांच्याच हातांनी करवून घ्याव्यात. देशात साठीपुढच्या दर शंभरातल्या सुमारे सात माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. ती जवळजवळ सगळी घरीच सांभाळली जातात. त्या घरांना शिकवणं हे परिचारिकेचंच काम आहे.

आणखी एक गोष्ट. शपथविधीच्या दिवशी विद्यार्थी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं दिवा पेटवतात. क्रिमियाच्या युद्धात रात्री दिवा घेऊन फिरणारी चौतीस-पस्तीस वर्षांची तरुणी, एवढंच चित्र त्यांच्या मनात असतं. त्याच बाई पुढं वयाच्या नव्वदीपर्यंत जगल्या. शेवटच्या काळात त्यांची दृष्टी गेली होती आणि त्यांची सगळी भिस्त दुसऱ्यांच्या शुश्रूषेवर होती. १३ ऑगस्ट १९१० ला त्यांचं निधन झालं. १२ मे ला त्यांचा जन्मदिवस साजरा करताना वर्गात हेही सांगितलं जावं. परिचर्येचा पाया घालणारी बाई स्वतः दीर्घकाळ रुग्ण होती, म्हातारी होती, परावलंबी होती; तरीही ती तीच नाइटिंगेल होती.

हे पुस्तक नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, मुलींइतकंच ब्रदर होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्यांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. ते सलग वाचण्याची गरज नाही. डेलिरियम, बेडसोअर, पडणं, भरवणं, वेदना, औषधं, स्मृतिभ्रंश आणि अखेरचे दिवस यांची प्रकरणं वॉर्डातल्या गरजेप्रमाणं उघडावीत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी हातानं करायच्या गोष्टी आहेत. त्या दुसऱ्याच्या देखरेखीखाली करून दाखवल्याशिवाय ते प्रकरण संपलं असं धरू नये. शिक्षकांना हवी तर कोगन यांची प्रश्नावली वापरावी, पण एका धोक्याची जाणीव ठेवून. आमची मुलं "वृद्ध माणसं आदरणीय असतात" या विधानापुढं बिनचूक खूण करतील, कारण घरून तेच शिकून आली आहेत. खरी परीक्षा वॉर्डात घ्यावी. विद्यार्थी बोलताना कुणाकडं पाहतो, दुखतंय का हे आपणहून विचारतो का, रुग्णाचं नाव घेतो की खाटेचा नंबर, आणि काही काम नसताना त्या खाटेकडं जातो का, हे चार मुद्दे वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी पाहून लिहून ठेवावेत. त्यावर गुण द्यावेत, आणि इंजेक्शन देण्याच्या कौशल्याइतकंच वजन या गुणांना असावं. आमचे विद्यार्थी परीक्षेत जे मोजलं जातं ते जिवापाड मेहनत करून मिळवतात, हे या मुलखानं वारंवार दाखवलं आहे. म्हाताऱ्या माणसाची नीट शुश्रूषा परीक्षेत मोजायला सुरुवात करा. ती कशी करायची हे ही मुलं देशाला दाखवून देतील.